उंच उडी (जैवयांत्रिकी)

उंच उडीची जैवयांत्रिकी म्हणजे मानवी शरीर जमिनीपासून वर उसळते तेव्हा त्यावर कार्य करणारी बले, स्नायू व सांधे यांच्या हालचाली आणि शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग यांचा अभ्यास होय. मैदानी स्पर्धांतील उंच उडी, व्हॉलीबॉलमधील स्मॅश, बास्केटबॉलमधील झेप किंवा कबड्डीत साखळी करून उभ्या राहिलेल्या बचावपटूंच्या डोक्यावरून चढाईपटूने घेतलेली उडी या सर्व क्रियांना एकच यांत्रिक नियम लागू होतात. त्यांतील मुख्य नियम असा, की उडीची उंची पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वीच निश्चित झालेली असते. हवेत गेल्यावर खेळाडू शरीराचा आकार बदलू शकतो, पण गुरुत्वमध्याचा मार्ग बदलू शकत नाही. म्हणून उंची वाढविण्याचे प्रशिक्षण हे मुख्यतः पाय जमिनीला टेकलेला असतानाच्या अल्प काळाचे प्रशिक्षण असते. स्पर्धेतील धावत्या उंच उडीत हा काळ साधारणतः ०.१४ ते ०.२० सेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकाच असतो.

उंची कशावर ठरते

जमीन सोडल्यानंतर, हवेचा किरकोळ विरोध वगळता, शरीरावर केवळ गुरुत्वाकर्षणाचे बल उरते. त्यामुळे गुरुत्वमध्य किती वर चढेल हे फक्त उड्डाणक्षणीच्या उभ्या दिशेतील वेगावर अवलंबून असते. या वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाच्या दुपटीने (१९.६२) भागले असता मीटरमध्ये उंची मिळते. वेग २.५ मीटर प्रतिसेकंद असेल तर गुरुत्वमध्य सुमारे ३२ सेंटीमीटर चढतो, ३ मीटर प्रतिसेकंद असेल तर ४६ सेंटीमीटर आणि ४ मीटर प्रतिसेकंद असेल तर ८२ सेंटीमीटर. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेगात दहा टक्क्यांची भर पडली, की उंचीत सुमारे एकवीस टक्क्यांची भर पडते. वेगातील थोड्याशा सुधारणेसाठी खेळाडू महिनोन्‌महिने का खपतात, याचे उत्तर या गणितात आहे.

हा वेग येतो कोठून? खेळाडू पायाने जमिनीला खाली रेटतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जमीन त्याला तेवढ्याच बलाने वर रेटते. या प्रतिक्रिया बलातून शरीराचे वजन वजा केले असता जे निव्वळ बल उरते, त्याचा आणि ते जितका वेळ कार्य करते त्या काळाचा गुणाकार म्हणजे आवेग. आवेगाला वस्तुमानाने भागले, की वेग मिळतो. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या विद्यार्थ्याला जागेवरून ४० सेंटीमीटर उसळायचे असेल, तर त्याला २.८ मीटर प्रतिसेकंद वेग हवा; म्हणजे १६८ न्यूटन-सेकंद आवेग हवा. त्याचा रेटा ०.३ सेकंद टिकला असे मानल्यास निव्वळ बल सरासरी ५६० न्यूटन लागेल. त्यात स्वतःचे वजन पेलण्यासाठी लागणारे सुमारे ५८९ न्यूटन मिळविले, म्हणजे जमिनीवर पडणारे सरासरी बल त्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट होते.

यावरून उंची वाढविण्याचे तीन मार्ग तत्त्वतः दिसतात : बल वाढविणे, बल लावण्याचा काळ वाढविणे किंवा वस्तुमान कमी करणे. व्यवहारात दुसरा मार्ग लवकर संपतो. गुडघे अधिक खोल वाकवून रेट्याचे अंतर वाढविता येते. परंतु फार खोल बसल्यास स्नायू गैरसोयीच्या लांबीवर येतात आणि बल घटते. तिसऱ्या मार्गालाही मर्यादा आहे. अनावश्यक चरबी घटल्यास उडी वाढते. उपाशी राहून वजन उतरविल्यास स्नायूही झिजतात आणि हाती काही लागत नाही.

जागेवरून मारलेली उडी

उभ्या स्थितीतून उडी मारताना माणूस न सांगता आधी खाली बसकण घेतो आणि मग उसळतो. अर्धवट बसलेल्या स्थितीत क्षणभर थांबून मारलेली उडी आणि अशी सलग झोका घेऊन मारलेली उडी यांची तुलना केल्यास दुसरी सामान्यतः काही सेंटीमीटरने जास्त भरते. याची कारणे दोन सांगितली जातात. पहिले असे, की खाली जाणारे शरीर थोपवताना स्नायू आधीच ताणाखाली येतात. त्यामुळे वर जाण्याची क्रिया सुरू होते त्याच क्षणी मोठे बल उपलब्ध असते. दुसरे असे, की ताणल्या गेलेल्या कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांमध्ये, ऊर्जा साठते आणि आखडताना परत मिळते. या दोहोंपैकी अधिक वाटा कोणाचा, यावर संशोधकांत दीर्घकाळ चर्चा झाली आहे. मंद व खोल बसकणीच्या उडीत पहिल्या कारणाला आणि झटपट ठोक्याच्या उडीत दुसऱ्याला जास्त महत्त्व दिले जाते. या सगळ्या क्रियेला ताण-आकुंचन चक्र असे नाव आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोव्हान्नी काव्हान्या यांनी १९६० च्या दशकात ताणल्यानंतर लगेच आखडणारा स्नायू अधिक कार्य करतो, हे प्रयोगांनी दाखविले होते.

हातांचे कार्य पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. हात मागून पुढे व वर झोकल्याने उड्डाणवेगात सुमारे दहा टक्के भर पडू शकते. वर जाणारे हात खांद्यामार्फत धडाला खाली दाबतात. त्यामुळे पायांचे स्नायू सावकाश आखडतात आणि सावकाश आखडणारा स्नायू अधिक बल देतो. शिवाय हात वर गेलेले असल्याने गुरुत्वमध्यही उड्डाणक्षणी आधीच उंचावलेला असतो. डोक्यावर हात बांधून आणि हात मोकळे सोडून अशा दोन उड्या एकाच विद्यार्थ्याकडून मारून घेतल्यास हा फरक वर्गात सहज दाखविता येतो.

स्नायू आणि त्यांचा क्रम

उडीत मुख्य काम तीन सांध्यांवर होते. खुब्याचा सांधा नितंबाचे व मांडीमागील स्नायू सरळ करतात, गुडघा मांडीचा पुढचा चतुःशिरस्क स्नायू सरळ करतो आणि घोटा पोटरीचे स्नायू. हे तिन्ही सांधे एकाच वेळी सरळ होत नाहीत. आधी खुबा, मग गुडघा आणि शेवटी घोटा असा क्रम असतो. चाबकाच्या दांड्यापासून टोकाकडे लाट जावी, तसा वेग वरून खाली सरकत जातो. नेदरलँड्समधील मार्क बॉब्बर्ट आणि गेरिट यान व्हान इंगेन स्खेनाउ यांनी १९८८ मध्ये या क्रमाचे सविस्तर विश्लेषण केले. पोटरीचा वरचा स्नायू गुडघा आणि घोटा या दोन्ही सांध्यांवरून जातो. त्यामुळे गुडघा वेगाने सरळ होत असताना तो स्नायू दोरीसारखा ओढला जाऊन मांडीची ऊर्जा टाचेपर्यंत पोहोचवितो.

याच परंपरेतील आणखी एक निष्कर्ष प्रशिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. बॉब्बर्ट आणि व्हान सुस्ट यांनी १९९४ मध्ये संगणकावर उडी मारणाऱ्या शरीराची प्रतिकृती तयार केली आणि तिचे स्नायू बलवान केले. परंतु स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञांची वेळ पूर्वीचीच ठेवली. उडी वाढण्याऐवजी कमी झाली. नव्या बळाला साजेशी वेळ पुन्हा बसविल्यावरच उंची वाढली. व्यायामशाळेत काही महिने घालवून मैदानावर परतलेल्या खेळाडूची उडी सुरुवातीला 'बिघडल्यासारखी' का वाटते, याचे हे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. बळ वाढविण्याच्या काळातही उडीचा सराव चालू ठेवावा लागतो.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये स्नायूचे बल आणि त्याच्या आखडण्याचा वेग यांचा संबंध मांडला. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल कमी पडते. त्यातच स्नायूला पूर्ण बल गाठण्यास ०.३ सेकंदांहून अधिक वेळ लागू शकतो. धावत्या उडीत मात्र त्याच्या निम्माच वेळ मिळतो. म्हणून एखाद्याच्या पायांत एकूण बळ किती आहे यापेक्षा ते किती लवकर उभे राहते, हा प्रश्न उडीच्या बाबतीत निर्णायक ठरतो.

धावत येऊन मारलेली उंच उडी

मैदानी स्पर्धेतील उंच उडीत खेळाडूने एकाच पायावरून उड्डाण करावे, असा नियम आहे. उत्तम पुरुष खेळाडू साधारणतः ७ ते ८ मीटर प्रतिसेकंद वेगाने दांडीकडे येतो. हा वेग आडवा असतो आणि दांडी ओलांडण्यासाठी उभा वेग हवा असतो. एकाचे दुसऱ्यात रूपांतर शेवटच्या पावलावर होते. खेळाडू उड्डाणाचा पाय शरीराच्या बराच पुढे, जवळजवळ सरळ रोवतो आणि धड मागे कललेले ठेवतो. पुढे धावणारे शरीर रोवलेल्या पायावरून कमानीसारखे वर फेकले जाते. धावत येऊन बांबू रोवणारा बांबू उडीतील खेळाडू जे करतो त्याचीच ही छोटी आवृत्ती असून येथे बांबूचे काम पाय करतो. पाय मऊ पडून गुडघा जास्त वाकला, तर वेग वर जाण्याऐवजी वाया जातो. म्हणून जितक्या वेगाने धावून आल्यावर पाय ताठ राहू शकतो तितकाच वेग उपयोगाचा. शालेय स्पर्धांत जोरात धावत येऊन दांडीखालूनच निघून जाणारी मुले दिसतात. त्यांचा वेग कमी नसतो, तो पायाला पेलण्यापलीकडचा असतो.

दांडीची उंची तीन भागांची बेरीज म्हणून पाहता येते. पाय सुटताना गुरुत्वमध्य जमिनीपासून किती वर आहे, तेथून तो किती चढतो आणि सर्वोच्च बिंदू व दांडी यांत किती फरक राहतो, हे ते तीन भाग होत. १.९० मीटर उंचीच्या खेळाडूचे हात व मोकळ्या पायाचा गुडघा वर उचललेला असताना त्याचा गुरुत्वमध्य सुमारे १.३३ मीटरवर असतो. तेथून तो ०.९५ मीटर चढला, तर २.२८ मीटरपर्यंत पोहोचतो. त्यासाठी उभा वेग ४.३ मीटर प्रतिसेकंदांहून थोडा अधिक लागतो. खेळाडूचे वस्तुमान ७५ किलोग्रॅम आणि संपर्ककाळ ०.१७ सेकंद धरल्यास त्या एका पायावर येणारे सरासरी बल सुमारे २,६४० न्यूटन, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साडेतीन पटींहून अधिक होते. पाय रोवल्याच्या क्षणाचे कमाल बल याहूनही मोठे असते. पहिला भाग बराचसा जन्मजात आहे. उंच व लांब पायांच्या खेळाडूंना या प्रकारात लाभ मिळतो तो त्यामुळे. उरलेले दोन भाग सरावाने सुधारतात.

धाव सरळ नसून शेवटच्या चार-पाच पावलांत वक्र असते. वळणावरची सायकल जशी आत कलते तसा खेळाडू वळणाच्या केंद्राकडे कलतो. त्यामुळे गुडघे फारसे न वाकविता गुरुत्वमध्य खाली येतो आणि त्याला वर चढण्यास अधिक अंतर मिळते. उड्डाणाच्या वेळी हा कल सरळ होताना शरीराला दांडीकडे फिरण्याची गती मिळते. ती नसेल तर पाठ दांडीवर आडवी होत नाही.

दांडी ओलांडण्याच्या पद्धती

प्रारंभीच्या कात्री पद्धतीत खेळाडू दांडीवरून एकामागून एक पाय टाकीत जवळजवळ बसल्या स्थितीत जात असे. त्यात गुरुत्वमध्य दांडीच्या बराच वर न्यावा लागतो. पुढे वेस्टर्न रोल आणि पोट दांडीकडे करून जाणारी स्ट्रॅडल या पद्धती आल्या. सोव्हिएत संघाच्या व्हॅलेरी ब्रुमेल यांनी १९६३ मध्ये स्ट्रॅडल पद्धतीने २.२८ मीटरचा जागतिक विक्रम केला.

१९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरी यांनी दांडीकडे पाठ करून, डोके आधी नेत २.२४ मीटर उंचीसह सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत शरीराचे भाग एकामागून एक दांडीवरून जातात. डोके व खांदे पलीकडे खाली गेले, की त्याची भरपाई म्हणून कंबर वर उचलली जाते. कंबर पार झाली, की ती वाकवून पाय वर ओढले जातात. दोरीवर वाळत घातलेले धोतर दोन्ही बाजूंनी लोंबत असते. ते दोरीवर असले तरी त्याचा गुरुत्वमध्य दोरीच्या खाली असतो. कमानदार शरीराचेही तसेच आहे. खेळाडू दांडीवरून जातो आणि त्याचा गुरुत्वमध्य दांडीच्या लगत किंवा किंचित खालूनही जाऊ शकतो. हा लाभ काही सेंटीमीटरांचाच असतो. फॉस्बरी पद्धतीचा प्रसार होण्यामागे वेगवान वक्र धावेचा तिच्याशी जमणारा मेळ आणि शिकण्यातील सुलभता ही कारणे बहुधा अधिक मोठी होती. अमेरिकेच्या ड्वाइट स्टोन्स यांनी १९७३ मध्ये या पद्धतीने २.३० मीटरचा विश्वविक्रम केला. तरीही १९७८ मध्ये सोव्हिएत संघाच्या व्लादिमिर याश्चेंको यांनी स्ट्रॅडलनेच २.३४ मीटरचा विक्रम नोंदविला, हे विसरता येत नाही.

पुरुषांचा विश्वविक्रम क्यूबाच्या हाविएर सोटोमायोर यांनी १९९३ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे २.४५ मीटर उडी मारून केला. महिलांत बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्टाडिनोव्हा यांचा १९८७ चा २.०९ मीटरचा विक्रम युक्रेनच्या यारोस्लाव्हा माहुचिख यांनी ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये २.१० मीटर उडी मारून मोडला.

महाराष्ट्रातील संदर्भ

फॉस्बरी पद्धतीत खेळाडू पाठीवर व खांद्यांवर पडतो. ती रूढ होण्यासाठी वाळूच्या खड्ड्याच्या जागी उंच, मऊ गादी येणे आवश्यक होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ही गादी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ०.७ मीटर जाड असावी लागते. पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. अशा संकुलांत या सोयी असतात. खेड्यातील शाळेत बहुधा वाळूचा खड्डा आणि दोन खांब एवढेच साहित्य असते. ग्रामीण भागात उंच उडीची गुणवत्ता वर येण्यातला खरा अडथळा पायांतील बळाचा नसून उतरण्याच्या जागेचा असतो, असे म्हणता येईल.

नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात १९९५ मध्ये जन्मलेले सर्वेश कुशारे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शालेय वयात त्यांनी मक्याचे भुसकट वापरून केलेल्या गादीवर उंच उडीचा सराव केला. पुढे ते भारतीय सैन्यदलात दाखल झाले. २०१९ मध्ये काठमांडू येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी २.२१ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ते २.२७ मीटरपर्यंत पोहोचले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, तेथे २.१५ मीटरपुढे जाता न आल्याने त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो येथील जागतिक मैदानी स्पर्धेत मात्र ते उंच उडीच्या अंतिम फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय पुरुष ठरले आणि २.२८ मीटर या स्वतःच्या सर्वोत्तम कामगिरीसह सहावे आले. भारताच्या तेजस्विन शंकर यांनी २०१८ मध्ये नोंदविलेल्या २.२९ मीटरच्या राष्ट्रीय विक्रमापासून ही उडी एक सेंटीमीटर दूर होती. भुसकटाची गादी उंची वाढवीत नाही. पाठीवर पडण्याची भीती ती घालविते, आणि ही भीती गेल्याशिवाय मूल दांडीकडे पाठ करून उडी मारण्यास धजत नाही.

प्रशिक्षण

महाराष्ट्रात पायांच्या व्यायामाची जुनी परंपरा बैठकांची आहे. तालमीत शेकडो बैठका मारणाऱ्या मल्लाच्या पायांत टिकाव धरण्याची शक्ती येते आणि कुस्तीला ती हवीच असते. उडीची गरज वेगळी आहे. एका दमात दोनशे बैठका मारता येत असतील, तर प्रत्येक बैठकीला लागणारे बल स्नायूच्या कमाल क्षमतेच्या मानाने लहान असते. त्याने दमश्वास वाढतो, कमाल बल फारसे वाढत नाही. उडीसाठी थोड्या आवृत्त्या आणि मोठा भार, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या मोजक्या बैठका, अधिक परिणामकारक ठरतात. अर्थात भाराविना योग्य रीतीने बसता-उठता येणे ही त्याची पूर्वअट आहे आणि तेथे आपली पारंपरिक बैठक उत्तम शिक्षक आहे.

बळाच्या पायावर झटपटपणा चढवावा लागतो. सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून खाली उतरून पाय टेकताच पुन्हा वर उसळण्याचा व्यायाम पद्धतशीरपणे विकसित केला. त्याला डेप्थ जंप म्हणतात. अशा व्यायामप्रकारांसाठी अमेरिकी प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी १९७५ मध्ये 'प्लायोमेट्रिक्स' हा शब्द रूढ केला. यात ओट्याची उंची किती, याला महत्त्व नाही. जमिनीवरचा मुक्काम किती अल्प, याला आहे. ओटा फार उंच असेल तर टाच जमिनीला आपटते, गुडघे खोल वाकतात आणि उसळी विझते. तसे झाले तर ओटा कमी करावा. नवशिक्यांसाठी दोरीवरच्या उड्या, लंगडी आणि पायरीवरून हलक्या उड्या पुरेशा असतात. लंगडी हा आपल्या अंगणातला खेळ एकपायी उसळीचा उत्तम सराव आहे, याकडे क्रीडाशिक्षकांचे लक्ष क्वचितच जाते.

प्रत्येक उडी पूर्ण ताकदीने व पूर्ण विश्रांतीनंतर मारली, तरच असा सराव उपयोगी पडतो. दमलेल्या पायांनी मारलेल्या शंभर उड्या मज्जासंस्थेला सावकाश उडी मारायला शिकवितात. आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, असा क्रम सामान्यतः पाळला जातो.

पायांना वाळूच्या पिशव्या बांधून धावणे व उड्या मारणे ही ग्रामीण भागात अजूनही दिसणारी प्रथा आहे. पिशव्या सोडल्यावर पाय हलके वाटतात, ही जाणीव खरी. पण ती थोड्याच वेळात ओसरते. घोट्यापाशी बांधलेले वजन पावलाची लय बदलते, पाय टेकण्याचा काळ वाढविते आणि गुडघ्यावर ओढ आणते. ज्या ०.१७ सेकंदांत बळ उभे करायचे, त्याचा सराव अशाने होत नाही. शरीराची उंची वाढविण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरींचा उडीशी काहीही संबंध नाही.

उतरणे आणि दुखापती

वर गेलेले शरीर तेवढ्याच वेगाने खाली येते. ४० सेंटीमीटर उडी मारणारा खेळाडू २.८ मीटर प्रतिसेकंद वेगानेच जमिनीला भिडतो. हा वेग ०.०५ सेकंदात शून्य झाला तर पायांवर सरासरी बल वजनाच्या साडेसहा पटींहून अधिक येते. घोटा, गुडघा व खुबा वाकवून तोच काळ ०.२५ सेकंदापर्यंत लांबविल्यास ते सुमारे दोन पटींवर उतरते. पायांचा आवाज मोठा येत असेल तर उतरणे चुकते आहे, ही साधी खूण मुलांनाही कळते.

बारामती तालुक्यातील सुपे, मोरगाव यांसारख्या अवर्षणप्रवण गावांत शाळेचे पटांगण मुरमाचे असेल, तर उन्हाळ्यात ते दगडासारखे कठीण होते. अशा जमिनीवरून उड्डाण चांगले होते, कारण ती ऊर्जा शोषून घेत नाही. पण वारंवार उतरण्याचा मार सांध्यांना बसतो. याउलट भुसभुशीत वाळूतून उडी कमी भरते आणि उतरणे सुखाचे होते. म्हणून कठीण जमिनीवरून उडी मारून मऊ जागी उतरण्याची व्यवस्था करणे सर्वांत हिताचे. डेप्थ जंपसारख्या व्यायामात जेथे उतरावे तेथूनच उसळायचे असते. तेथे गवताळ किंवा पाणी मारून रोलर फिरविलेली मातीची जागा बरी.

उडीच्या खेळाडूंत गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचे दुखणे सर्वाधिक आढळते. त्याला 'जंपर्स नी' म्हणतात. दहा ते पंधरा या वाढीच्या वयात वाटीखालील नडगीच्या उंचवट्यावर सूज व वेदना येते, तिला ऑसगुड-श्लॅटर विकार म्हणतात. दोन्हींत दुखणे दाबून सराव चालू ठेवणे नुकसानकारक ठरते. उतरताना गुडघे आतल्या बाजूला झुकणे ही सवय गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाला धोक्याची असते आणि ती किशोरवयीन मुलींत अधिक प्रमाणात आढळते. आरशासमोर किंवा जोडीदाराच्या नजरेखाली केलेल्या सरावाने ती बरीच सुधारते.

वाळूच्या खड्ड्यात फॉस्बरी पद्धतीने उडी मारू देणे हा यातील सर्वांत गंभीर धोका आहे. मान व पाठीचा कणा यांवर थेट भार येऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. योग्य गादी नसेल तेथे पायांवर उतरण्याची कात्री पद्धतच शिकविली जावी. तिच्यामुळे दांडीची उंची काही सेंटीमीटरने कमी भरेल. परंतु वक्र धाव, पाय रोवणे आणि हातांचा झोका हे उडीचे सर्व मूलभूत घटक तिच्यातूनही शिकता येतात, आणि गादी मिळाल्यावर तेच फॉस्बरी पद्धतीत उपयोगी पडतात.

मोजमाप

अमेरिकी शारीरिक शिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडलेली उभ्या उडीची चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या प्रचलित रूपाला फक्त भिंत आणि खडू लागतो. विद्यार्थी भिंतीलगत उभा राहून, टाचा न उचलता, हात पूर्ण ताणून बोटाची खूण करतो. मग उडी मारून शक्य तितक्या वर दुसरी खूण करतो. दोन्ही खुणांमधील अंतर म्हणजे उडी. पहिली खूण करताना खांदा पूर्ण ताणला नाही, तर उडी फुगून दिसते.

हवेतील काळावरूनही उंची काढता येते. सेकंदांतील या काळाचा वर्ग करून त्याला ९.८१ ने गुणावे आणि आठाने भागावे. अर्धा सेकंद हवेत राहिलेल्या खेळाडूची उडी सुमारे ३१ सेंटीमीटर असते. मोबाइलवरील चित्रीकरणातून हा काळ मोजताना दर सेकंदाला ३० चौकटी टिपणारा कॅमेरा असल्यास एका चौकटीच्या चुकीने उत्तर सुमारे चार सेंटीमीटरने बदलते; म्हणून मंदगती चित्रीकरण वापरावे. गुडघे दुमडून उतरल्यास हवेतील काळ खोटा वाढतो, त्यामुळे उतरण्याच्या क्षणी पाय उड्डाणक्षणीइतकेच सरळ असावे लागतात. अचूक मापनासाठी प्रयोगशाळांत बलफलक वापरला जातो. पाय टेकल्यापासून सुटेपर्यंतच्या प्रत्येक क्षणाचे बल त्यावर नोंदले जाते आणि त्यावरून थेट आवेग मिळतो.